सात फुटांचे दार आणि उंचावलेली जीप : गाडी गॅरेजमध्ये बसवण्याचे गणित

मराठीत गॅरेज म्हटले की मेस्त्रीचे दुकान आठवते : जमिनीवर ऑइलचे डाग, उघडे बॉनेट आणि ‘दोन तासांनी या’ असे सांगणारा पोऱ्या. अमेरिकेत हाच शब्द घराच्या एका खोलीचे नाव आहे, आणि बहुतेक घरांत ती सर्वांत मोठी खोली असते. तिच्यात गाडीखेरीज सर्व काही मावते. गणपतीचे मखर, डाळ-तांदळाची पोती, मुलांच्या लहान झालेल्या सायकली आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात लावू’ म्हणून ठेवलेली खोकी तिथे सुखाने नांदतात. अशा खोलीत उंचावलेली ऑफ-रोड गाडी बसवायची वेळ आली, की प्रश्न केवळ आवराआवरीचा राहत नाही. तो इंचांचा होतो.

सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवलेल्या कित्येक मराठी मंडळींना इथे आल्यावर युटामधील मोआब, कोलोरॅडोतील उरे किंवा कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलची ओढ लागते. त्यासाठी जीप रँग्लर, फोर्ड ब्रॉन्को, टोयोटाची फोररनर किंवा टॅकोमा घेतली जाते. पहिल्या दोन सहलींत गाडीचे पोट दगडांना घासते आणि मग लिफ्ट किट व मोठे टायर यांची चौकशी सुरू होते. किट बसवणारा माणूस स्टिअरिंग, ब्रेक, गिअरचे प्रमाण यांविषयी सांगतो. ‘तुमच्या घराचे दार किती उंच आहे?’ हे मात्र तो क्वचितच विचारतो. ते विचारणे त्याचे काम नव्हे, हेही खरेच. म्हणून हा हिशेब किटची ऑर्डर देण्यापूर्वी गाडीमालकाने स्वतः करायचा असतो.

गाडी अंगणात, म्हणजे ड्राइव्हवेवर उभी केली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. अनेक ठिकाणी काहीच बिघडत नाही. पण सर्वत्र नाही. फ्लोरिडातील कोरल गेबल्स या शहरात पिकअप ट्रक रात्री सात ते सकाळी सात या वेळेत निवासी भागात उघड्यावर ठेवण्यास बंदी होती. तो बंद गॅरेजमध्येच असला पाहिजे, असा तिथला नियम होता. २००३ मध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका रहिवाशाला या नियमाखाली दंड झाला. त्याच्या घराला गॅरेजच नव्हते. तो न्यायालयात गेला. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने त्याच्या बाजूने कौल दिला, २०१० मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो फिरवून शहराचा नियम वैध ठरवला, आणि अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनीच मतपेटीतून तो नियम सैल केला. डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये, जिथे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, २००८ मध्ये एका निवासी संकुलाच्या नियमांवरून असाच वाद झाला. तिथे साधा पिकअप ड्राइव्हवेवर चालत नव्हता आणि काही महागड्या बनावटीचे पिकअप मात्र चालत होते! फ्लोरिडाने १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने घरमालक संघटनांना ड्राइव्हवेवरील खासगी पिकअपवर बंदी घालण्यास मनाई केली. इतर राज्यांत मात्र घर घेताना सही केलेल्या नियमावलीत काय लिहिले आहे, यावर बरेच अवलंबून असते. ती नियमावली आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचता सही केलेली असते. गाडी आत जात नसेल, तर आधी ती काढून वाचावी.

दार सात फुटांचे, वाट त्याहून कमी

अमेरिकेतील घरांच्या गॅरेजला जे फळ्याफळ्यांचे, रुळांवरून वर सरकत छताला समांतर जाऊन बसणारे दार असते, त्याची सुरुवात १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी केली. विजेवर चालणारा ओपनरही त्यांनीच १९२६ मध्ये आणला. तेव्हापासून दाराची तत्त्वे फारशी बदललेली नाहीत. घरगुती दाराची रूढ उंची सात फूट, म्हणजे ८४ इंच. अलीकडच्या बांधकामांत आठ फुटांची, म्हणजे ९६ इंचांची दारेही पुष्कळ दिसतात. एका गाडीचे दार आठ किंवा नऊ फूट रुंद असते, दोन गाड्यांचे एकत्र दार सोळा फूट.

यातला ८४ हा आकडा दाराचा आहे. गाडीला मिळणाऱ्या वाटेचा नव्हे. दार पूर्ण उघडल्यावरही त्याची सर्वांत खालची फळी, तिचे रबर, तिच्या कोपऱ्यांतील लोखंडी कंस आणि कधी बाहेरची मूठ हे सारे चौकटीच्या वरच्या कडेखाली थोडे लोंबत राहते. ओपनरची वरची मर्यादा नीट बसवलेली नसेल, तर ही लोंबण इंच-दोन इंचांपर्यंत जाते. म्हणून मोजमाप नेहमी दार ओपनरने उघडून घ्यावे, हाताने वर ढकलून नव्हे. आणि डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशा तिन्ही ठिकाणी घ्यावे. फरशी समतल नसते, दारही नसते. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा आपला.

आत शिरल्यावर आणखी दोन गोष्टी टांगलेल्या असतात. एक, ओपनरची तांबडी दोरी. वीज गेली की दार ओपनरपासून सोडवण्यासाठी असलेल्या या दोरीची मूठ साधारण सहा फुटांवर असावी असे निर्माते सांगतात, म्हणजे घरातल्या कोणाचाही हात पोचावा. उंच गाडीच्या रूफ रॅकमध्ये ही दोरी अडकली, तर गाडी पुढे सरकताच दार ओपनरपासून सुटते. स्प्रिंग थकलेली असेल, तर ते दार मग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकते. दोरी बाजूला वळवून बांधता येते. कापून मात्र टाकू नये. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही : गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते. निवासी बांधकामाच्या संहितेतच तसे सांगितलेले आहे, म्हणजे पाणी किंवा सांडलेले इंधन घराकडे न जाता बाहेर जावे. फुटामागे एक अष्टमांश इंच असा उतार बऱ्याच ठिकाणी दिला जातो. बारा फूट आत गेले की फरशी दीड इंच वर आलेली असते आणि तिच्याबरोबर गाडीही. मागच्या बाजूला छतापासून लटकणारी ओपनरची मोटर या हिशेबात धरावी लागते.

गाडीची खरी उंची

गाडीच्या माहितीपत्रकातील उंचीही अशीच अर्धी खरी असते. चार दारांची आजची रँग्लर, छताचा प्रकार आणि आवृत्ती यांनुसार, साधारण ७३ ते ७५ इंच उंच आहे. मधला ७४ हा आकडा घेऊ. ८४ मधून ७४ गेले, १० इंच उरले; एवढ्या फरकात चिंता कसली, असे वाटते.

आता बदल धरू. सस्पेन्शनची अडीच इंचांची लिफ्ट गाडीला अडीच इंच वर नेते. टायरचा हिशेब निराळा : व्यासातील वाढीच्या निम्मीच उंची वाढते, कारण आस टायरच्या मधोमध असतो. ३३ चे टायर काढून ३७ चे लावले, तर कागदावर चार इंच वाढले, गाडी वर गेली दोन इंच. प्रत्यक्षात ३७ म्हणून विकला जाणारा टायर पूर्ण ३७ भरत नाही, गाडीच्या वजनाने तो थोडा दबतोही. पण हिशेबात दोन इंचच धरावेत. झाले ७८.५. त्यावर चार इंचांचा रूफ रॅक : ८२.५. लोंबणाऱ्या दाराखाली वाटही ८२.५ असू शकते. दहा इंचांची चैन अशी एका आठवड्यात, तीन पावत्यांत संपते. रॅकवर दिव्यांची पट्टी किंवा अँटेना लागली, की सात फुटांच्या दाराचा विषय संपला. छतावरचा तंबू मिटलेल्या अवस्थेतही रॅकवर सहा इंचांपासून फूटभर जागा घेतो. तो कायम ठेवायचा असेल, तर आठ फुटांचे दारही एकदा मोजून पाहावे.

गाडी मोजताना ती सपाट जागी, टायरमध्ये महामार्गावरची पूर्ण हवा भरून आणि रिकामी असताना मोजावी. रिकामी यासाठी, की गाडी रिकामी असतानाच सर्वांत उंच असते. चार माणसे, पाण्याचे कॅन, अवजारे आणि शीतपेटी घेऊन सहलीहून परतलेली गाडी स्प्रिंगांवर बसलेली असते. ती दाराखालून सहज आत जाते. सामान उतरवल्यावर ती वर उठते. रविवारी रात्री बिनबोभाट आत गेलेली गाडी सोमवारी सकाळी बाहेर निघताना रॅक घासते, त्याचे कारण हेच.

लांबी-रुंदीचे थोडक्यात. रँग्लरची लांबी १८८ इंच आहे, तिला वीस फूट खोलीच्या गॅरेजमध्ये अडचण नाही. फक्त तिचे मागचे दार बाजूला उघडते, त्याला जागा लागते. जीप ग्लॅडिएटर २१८ इंच आहे. वीस फुटांत म्हणजे २४० इंचांत ती मावते, पण पुढे विंचसह पोलादी बंपर लावला की घराच्या दारापुढची पायरी आड येऊ लागते. फोर्ड एफ-१५० चे चार दारांचे, साडेपाच फुटी हौद्याचे रूप सुमारे २३२ इंच लांब आहे. तिथे उरतात आठ इंच. रुंदीत बाहेर काढलेली चाके आणि आरसे मोजावेत. आठ फुटी दारातून उंच गाडी नेताना आरसे मिटणे ही सवयच लावून घ्यावी.

उताराचा इंच

सपाट जागी घेतलेली ही सारी मोजमापे ड्राइव्हवे उतरता असेल तर फसवतात. रस्ता उंचावर आणि घर खाली अशी रचना असेल, तर ड्राइव्हवे गॅरेजकडे उतरत येतो आणि दाराशी येऊन एकदम सपाट होतो. गाडीची पुढची चाके आतल्या सपाट फरशीवर आणि मागची अजून उतारावर, अशा क्षणी गाडी त्या दोन टोकांवर पुलासारखी तोललेली असते. पुलाच्या मध्याखाली पोकळी असते, आणि नेमका तिथेच दाराचा माथा येतो.

हा फरक किती? चार दारांच्या रँग्लरच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ११८ इंचांच्या जरा वर आहे. उतार दहा टक्के, म्हणजे दहा फुटांमागे एक फूट धरला आणि गाडीचा मध्य दाराखाली आला असे समजले, तर मागची चाके फरशीच्या पातळीहून सुमारे सहा इंच वर असतात. मध्यभागी गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे तीन इंच उचललेली असते. ७८.५ इंचांची गाडी त्या क्षणी ८१.५ इंचांची झाली. ड्राइव्हवे रस्त्याकडून घराकडे चढत असेल, तर परिणाम उलटा होतो आणि छताला किंचित जास्तच मोकळीक मिळते. म्हणून शेजाऱ्याची तीच गाडी त्याच्या दारातून जाते, यावर विसंबू नये. त्याचे घर रस्त्याच्या वरच्या अंगाला असेल.

याची खात्री करण्याचा स्वस्त मार्ग आपल्याकडे रेल्वे फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लोखंडी कमानीसारखा आहे. पीव्हीसीची एक हलकी नळी दाराच्या चौकटीत दोरीने आडवी टांगावी, नियोजित उंची आणि तिच्या वर दोन इंच इतके अंतर कमी करून. आणि आजची, न उंचावलेली गाडी सावकाश तिच्याखालून न्यावी. समजा, गाडी साडेचार इंच वाढणार आहे. तर नळी दाराच्या प्रत्यक्ष वाटेपेक्षा साडेसहा इंच खाली टांगायची. नळी हलली, तर तो बदल या घरात बसणार नाही. रॅक लावायचा असेल, तर त्याची उंचीही त्यात धरायची. बाहेर एक माणूस उभा असावा. गाडी चालवणाऱ्याला छत दिसत नाही.

सहा इंचांवरचा डोळा

इथवरचा प्रश्न ओरखड्यांचा आणि पैशांचा होता. पुढचा सुरक्षेचा आहे आणि उंच गाड्यांच्या मालकांना तो सहसा कोणी समजावून सांगत नाही.

बंद होणाऱ्या दाराखाली सापडून लहान मुले दगावल्यामुळे अमेरिकी काँग्रेसने १९९० च्या ग्राहक सुरक्षा कायद्यात घरगुती ओपनरसाठी तरतूद केली; १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक ओपनरला अडथळा आल्यास दार उलटे फिरवणारी व्यवस्था बंधनकारक झाली. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीजवळ बसवलेले ते छोटे प्रकाश-डोळे याच नियमातून आले. ते जमिनीपासून सहा इंचांहून उंच नसावेत, असा दंडक आहे. रांगणारे मूल आणि पाळीव प्राणी त्यांच्या नजरेतून सुटू नयेत, हा त्यामागचा विचार आहे.

साध्या सेडानचा बंपर खाली असतो. ती अर्धवट बाहेर राहिली, तर चाक किंवा बंपर बहुधा त्या किरणाच्या आड येते. उंचावलेल्या रँग्लरची किंवा ब्रॉन्कोची गोष्ट वेगळी. तिचे राखीव चाक मागच्या दारावर, कमरेच्या उंचीवर टांगलेले असते आणि मागच्या चाकांच्या बरेच पलीकडे आलेले असते. गाडी हातभर कमी पुढे घेतली, तर मागची चाके किरणाच्या आत, राखीव चाक दाराच्या रेषेत, आणि मधून किरण निर्वेध. डोळ्याच्या दृष्टीने वाट मोकळी असते. दार खाली येते आणि राखीव चाकावर आदळते. ओपनरची दुसरी, दाब ओळखणारी व्यवस्था त्याला परत फिरवते, पण तोवर फळी वाकलेली असते. ती व्यवस्थाही नीट बसवलेली नसेल, तर काय होईल याचा अंदाज करायला नको. महिन्यातून एकदा दोन बाय चारची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवून दार त्यावर आदळताच परत फिरते का, हे पाहणे निर्मातेच सुचवतात. बहुतेक घरांत हे कधीच होत नाही.

डोळे उचलून दोन फुटांवर लावणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने राखीव चाक वाचेल, मूल वाचणार नाही. खरा उपाय अगदी साधा आहे : गाडी नेमक्या जागी उभी राहावी म्हणून छतापासून टेनिसचा चेंडू दोरीने टांगावा, तो काचेला टेकला की थांबावे. जमिनीवरचे प्लास्टिकचे ठोकळे छोट्या गाडीला पुरतात. ३७ इंची टायर त्यावरून नकळत चढून जातो. पुढच्या भिंतीशी पाणी तापवण्याचा बंब असेल, तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. संहितेनुसार अशा उपकरणांना गाडीच्या धडकेपासून संरक्षण हवे; पण पूर्वी बसवलेला बुटका खांब साध्या गाडीचा बंपर अडवण्याजोगा असतो. नव्या बंपरची उंची त्याच्याशी एकदा ताडून पाहावी.

इंच कुठून मिळवायचे

सर्वांत स्वस्त इंच ओपनरमध्ये असतो. त्याची वरची मर्यादा वाढवून लोंबणारी फळी चौकटीच्या रेषेपर्यंत उचलता येते. जुन्या ओपनरवर स्क्रू असतो, नव्यांवर बटणे. मात्र दार वर आदळेपर्यंत ताणू नये. दाराचे चाक रुळाच्या टोकाबाहेर गेले, की दीडशे ते अडीचशे पौंडांचे दार डोक्यावर असते. दारावरच्या पोलादी पिळाच्या स्प्रिंगांना तर घरच्या पाना-पकडीने हातही लावू नये. त्यांत साठवलेला ताण हात मोडण्याइतका असतो, आणि हे काम करणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत.

भिंतीवर बसणारा, दाराच्या दांड्याला थेट फिरवणारा ओपनर घेतला की उंची वाढते, असा एक समज आहे. छतावरची मोटर आणि तिची पट्टी जाते, तांबड्या दोरीचा त्रासही जातो, इतके खरे. दाराची वाट मात्र तेवढीच राहते, कारण ती ठरवते चौकटीवरची तुळई. छत उंच असेल, तर रुळ बदलून दार आधी सरळ वर आणि मग छताला लागून आडवे नेता येते. याला हाय-लिफ्ट म्हणतात. त्याने आतली जागा मोकळी होते, गॅरेजमध्ये गाडी उचलायचे यंत्र बसवायचे असेल तर त्याचा फार उपयोग होतो. पण दारात अडकणाऱ्या गाडीला त्याने काही मिळत नाही. दुकानात ही दोन कामे एका दमात विकली जातात, म्हणून एवढे लिहिले.

खरी वाढ हवी, तर सात फुटांचे दार काढून आठ फुटांचे बसवावे लागते. त्यासाठी तुळई वर जावी लागते. सोळा फुटांवर टाकलेली ही तुळई वरच्या छताचे, आणि कित्येकदा वरच्या बेडरूमचे, वजन पेलत असते. तुळई आणि भिंतीची वरची पट्टी यांच्यामध्ये छोटे लाकडी दांडे असतील, तर तिला वर सरकायला जागा आहे. ती आधीच वर टेकलेली असेल, तर विषय अवघड आहे. याशिवाय दाराच्या वर, रुळाचे वळण आणि स्प्रिंगा यांसाठी नेहमीच्या मांडणीत साधारण बारा ते पंधरा इंच लागतात. कमी जागेचे दुहेरी रुळ लावून ती गरज बरीच घटवता येते. दाराच्या दोन्ही बाजूंचे अरुंद भिंतीचे तुकडे वारा आणि भूकंपात घराला आडवे हलण्यापासून रोखतात. दार उंच झाले की ते तुकडे त्यांच्या रुंदीच्या मानाने अधिक सडपातळ होतात, म्हणून कॅलिफोर्नियात अभियंता त्यांच्याकडे आधी पाहतो. टेक्ससमध्ये बाहेरून विटांचे आवरण असते. तिथे विटा पेलणारी लोखंडी पट्टीही हलवावी लागते. फ्लोरिडाच्या किनारी भागात नवे दार वादळी वाऱ्यासाठी मान्यताप्राप्त असावे लागते. १९९२ च्या अँड्र्यू वादळात गॅरेजची दारे आत कोसळल्यावर वाऱ्याने छपरे आतून उचकटली होती, तो धडा त्या नियमांमागे आहे.

हे काम परवान्याचे आहे, संरचना अभियंत्याचे आहे आणि काही हजार डॉलरचे आहे. नव्या दाराचे वजन वेगळे, म्हणून स्प्रिंगा नव्या. ओपनरची पट्टी आठ फुटांसाठी लांब हवी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बसवल्या जाणाऱ्या ओपनरला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी असावी लागते. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्याने काहींना गॅरेजची दारे उघडता आली नव्हती. गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीचे व छताचे जिप्सम बोर्ड आगीपासून संरक्षणासाठी असते. कामात ते फोडले, तर तसेच परत बसवणे सक्तीचे आहे. आणि घरमालक संघटनेची वास्तुसमिती आहेच. दोन स्वतंत्र दारांपैकी एकच उंच केले, की दर्शनी भाग विसंगत दिसतो, आणि समितीला हरकत घ्यायला तेवढे पुरते.

दार वर नेण्याऐवजी फरशी खाली न्यावी, ही कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच. माझ्या मते ती तिथेच सोडून द्यावी. आपण मराठीत स्लॅब म्हणतो ते छत. इथे स्लॅब म्हणजे जमिनीवरची काँक्रीटची लादी. टेक्सस, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातील कित्येक घरांत या लादीच्या पोटातून ताणलेले पोलादी तार गेलेले असतात. गॅरेजच्या दाराजवळ फरशीवर ‘कापू नये, भोक पाडू नये’ असा शिक्का उमटवलेला सापडेल. तार तुटला तर तो काँक्रीट फोडून बाहेर येतो आणि घराचा पाया दुबळा होतो. असे तार नसले, तरी खाली गेलेली फरशी पावसाचे पाणी आत घेते. दोन खांबांचे यंत्र बसवण्यासाठी बोल्ट ठोकणाऱ्यांनीही हा शिक्का आधी शोधावा. उतरत्या ड्राइव्हवेचे शेवटचे दहा-बारा फूट सपाट करून त्याचा मोड दारापासून दूर नेणे मात्र करण्यासारखे आहे. दाराशी आडवी नाली घातली, तर उताराने खाल्लेले तीन इंच बहुतांशी परत मिळतात.

राहिली गाडी. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर इथेच असते, आणि ते सर्वांत कमी खर्चाचे असूनही शेवटी सुचते. ३७ ऐवजी ३५ चे टायर घेतले तर एक इंच वाचतो आणि मोआबच्या बहुतेक वाटांना तेवढे पुरतात. चार इंचांच्या रॅकऐवजी छताला चिकटून बसणारा, किंवा हाताने सुटणारा रॅक मिळतो. रँग्लरचे कापडी छत दुमडता येते. रॅक किंवा तंबू छताला कप्पीने टांगून ठेवण्याची सोय असते. पण वरचे लाकडी ट्रस अशा वजनासाठी बनवलेले आहेत का, हे विचारल्याशिवाय हुक ठोकू नये. टायरमधली हवा कमी करून आत जाणे एखाद्या रात्री ठीक, रोज नव्हे. हवेच्या सस्पेन्शनच्या गाड्या, उदाहरणार्थ रिव्हियन किंवा लँड रोव्हर डिफेंडर, स्वतः खाली बसतात. तो पर्याय गाडी निवडतानाच विचारात घ्यावा. इंजिनाच्या गाडीत सस्पेन्शन पुन्हा उचलण्यासाठी इंजिन सुरू करावे लागते, आणि ते गॅरेजचे दार उघडल्यावरच करायचे. बंद गॅरेजमधला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

घरचे दार जुळले, तरी कार्यालयाचे उरते. बहुमजली पार्किंगमध्ये प्रत्येक मजल्यावर किमान सात फूट मोकळी उंची असावी असे आजची बांधकाम संहिता सांगते. जुन्या इमारतींत सहा फूट आठ इंचांच्या पाट्याही दिसतात. अपंगांच्या व्हॅनसाठी राखलेल्या जागा आणि तिथवरची वाट मात्र ९८ इंच उंच ठेवावी लागते, आणि त्या जागा बहुधा प्रवेशाच्याच मजल्यावर असतात. त्यामुळे उंच गाडी फाटकातून सहज आत येते. दुसऱ्या मजल्याच्या चढावर साखळ्यांनी टांगलेली पिवळी नळी रॅकवर वाजते, तेव्हा मागे पाच गाड्या उभ्या असतात आणि चढ एकेरी असतो.